ब्लूबेरी खा, पण आधी पिशवी उलटून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ६४ वर्षांच्या. मधुमेह अकरा वर्षांचा, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. सहा वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली, धातूची बसवली, म्हणून रक्त पातळ करणारं वॉरफरिन रोज. बहीण न्यू जर्सीत असते. दिवाळीला येताना तिने सुक्या ब्लूबेरीच्या दोन मोठ्या पिशव्या आणल्या आणि तेव्हापासून आई रोज संध्याकाळी मूठभर खातात, कधी नुसत्या, कधी दुधात टाकून. आता तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.२ वरून ७.९ टक्क्यांवर गेली. बहीण म्हणते ब्लूबेरीने साखर कमी होते, तसं संशोधन आहे. तुम्ही म्हणता, मग वाढली कशी? रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर हे चालतं का, दोन वर्षांच्या मुलीला द्यावी का, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा आपलं जांभूळ काय वाईट, हेही विचारलंय.

तुम्ही दोघंही बरोबर आहात. फक्त बहीण बोलतेय एका पदार्थाबद्दल आणि आईच्या हातात आहे दुसराच. गेली तेवीस वर्षं मधुमेह आणि हृदयरोगाच्या रुग्णांचा आहार बघतेय, त्यात परदेशातून आलेल्या पिशव्यांचं एक वेगळं कपाटच भरेल. अक्रोड आणले तर मी काही बोलत नाही. सुक्या बेरी आल्या की मात्र म्हणते, पिशवी घेऊन या.

पिशवी उलटी करा आणि घटकांची यादी वाचा. बहुतेक वेळा ती तीन शब्दांची असते: ब्लूबेरी, साखर, सूर्यफुलाचं तेल. साखरेऐवजी कधी 'सफरचंदाचा आटवलेला रस' असं लिहिलेलं असतं, ते वाचून लोकांना बरं वाटतं, पण तीही साखरच. साखर का घालतात? ताज्या ब्लूबेरीत ८४ टक्के पाणी असतं. ते नुसतं काढून टाकलं तर उरतं ते कडक, आंबट, सालपटासारखं काहीतरी. म्हणून फळ आधी साखरेच्या पाकात मुरवतात आणि मग वाळवतात. एकमेकींना चिकटू नयेत म्हणून वरून तेलाचा हात. आपल्याकडे मोरावळा जसा आवळ्याचा असूनही आवळा राहत नाही, तसंच हे.

आता मूठ. माझ्या टेबलावर एक छोटा वजनकाटा कायम असतो. 'मूठभर खातो' म्हणणाऱ्या माणसाला मी तिथेच मूठ भरायला लावते. सुक्या बेरींची साधारण बाईमाणसाची मूठ ३५ ते ४५ ग्रॅम भरते. ४० ग्रॅम धरा. साखर घातलेल्या ४० ग्रॅम सुक्या ब्लूबेरीत कर्बोदकं तीस ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातली बहुतेक साखरच. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत कर्बोदकं वीस ग्रॅम असतात. म्हणजे आई रोज संध्याकाळी दीड पोळीएवढी कर्बोदकं जास्तीची खात होत्या, तीही पोळीपेक्षा लवकर रक्तात उतरणारी, आणि वर दुधातली साखर वेगळी. रात्रीच्या जेवणातून तेवढी वजा केली होती का? माझा अंदाज, नाही. फळ खाल्लं तर पोळी कमी करावी हे कुणाला सुचतच नाही. आणि सुकामेवा तर आपण हिशेबातच धरत नाही.

सगळा दोष मी बेरींना देणार नाही. तीन महिन्यांच्या त्या आकड्यात दिवाळीही आहे. चिवडा, शंकरपाळे, भाऊबीजेची बासुंदी यांचं कुणी वजन केलेलं नसतं.

ताजं फळ ही अगदी वेगळी गोष्ट. १०० ग्रॅम ताज्या ब्लूबेरीत ५७ किलोकॅलरी, कर्बोदकं साडेचौदा ग्रॅम, त्यातली साखर दहा ग्रॅम, तंतू अडीच ग्रॅमच्या जवळपास. साखर वाढवण्याचा वेग मध्यमाच्या खाली, ग्लायसेमिक इंडेक्स पन्नाशीच्या आसपास. दुकानात मिळणारा प्लॅस्टिकचा छोटा डबा १२५ ग्रॅमचा असतो. तो अख्खा एका बैठकीत संपवला तरी एका पोळीच्या आतच. म्हणून मधुमेह्याला ताजी ब्लूबेरी वर्ज्य नाही, चांगलं फळ आहे.

चांगलं आहे, म्हणजे नक्की कशात? जीवनसत्त्व सी बघायला गेलात तर निराश व्हाल. १०० ग्रॅममध्ये जेमतेम दहा मिलिग्रॅम. आपला पेरू आणि आवळा दोनशेच्या पुढे जातात. लोह नगण्य, प्रथिनं नगण्य. ब्लूबेरीचं जे काही महत्त्व आहे ते तिच्या रंगात. सालीतल्या त्या जांभळ्या-निळ्या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. फळ आतून फिकट, हिरवट पांढरं असतं, रंग सगळा सालीत. म्हणूनच अमेरिकेच्या मेन राज्यात आणि पूर्व कॅनडात मिळणाऱ्या रानटी, बारीक ब्लूबेरीत वजनामागे हा रंग जास्त भरतो. फळ लहान, म्हणून साल जास्त.

घरी एक गंमत करून बघा, मुलीलाही आवडेल. दोन-तीन बेरी पांढऱ्या ताटलीत चिरडा. एका बाजूला लिंबाचे दोन थेंब पिळा, दुसऱ्या बाजूला खायचा सोडा चिमूटभर. लिंबाकडे रंग गुलाबी होतो, सोड्याकडे निळा-हिरवा. जांभळाच्या सालीचंही असंच होतं. सोडा घातलेल्या केकमधल्या ब्लूबेरी कधीकधी हिरवट दिसतात आणि लोक केक खराब झाला म्हणून टाकून देतात, त्यामागेही हेच कारण. हा इतका नाजूक रंग पोटात गेल्यावर जसाच्या तसा रक्तात पोचत नाही. मूळ रूपात फार थोडा शोषला जातो. बराचसा मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जिवाणू तो फोडतात आणि त्यातून निघालेली छोटी फिनॉलिक आम्लं रक्तात येतात. परिणाम होत असेल तर तो बहुतांशी त्यांचा, असं आता मानलं जातं. म्हणजे परीक्षानळीत ब्लूबेरीने काय करून दाखवलं याला फारसा अर्थ उरत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची एक मोठी यादी केली होती, ओरॅक नावाची. 'सुपरफूड' विकणाऱ्यांनी ती वेदवाक्यासारखी वापरली. २०१२ मध्ये त्या खात्यानेच ती यादी संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि जाहिरातीत गैरवापर मात्र होत होता. तरी आजही पाकिटांवर ते आकडे दिसतात.

आता बहिणीच्या 'संशोधन आहे' या वाक्याकडे येऊ. आहे, आणि टाकाऊ नाही.

२०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यसेवेतले लोक मिळून १,८७,३८२ जण, ज्यांच्या खाण्यापिण्याची नोंद अनेक वर्षं ठेवली होती. आठवड्याला तीन वेळा ब्लूबेरी खाण्यामागे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका २६ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच अभ्यासात फळांचा रस पिणाऱ्यांमध्ये धोका थोडा वाढलेला होता. हा दुसरा भाग कुणी पुढे पाठवत नाही. पण लक्षात घ्या, हे 'मधुमेह होऊ नये' याबद्दल आहे, झालेला मधुमेह आटोक्यात आणण्याबद्दल नाही. आणि आठवड्यातून तीनदा ब्लूबेरी खाणारा माणूस चालायलाही जातो, सिगारेटही कमी ओढतो. संशोधक हे सगळं गणितातून वजा करायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण वजा होतंच असं नाही.

मधुमेह असलेल्यांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालेले ५२ पुरुष, टाइप २ मधुमेहाचे. निम्म्यांना आठ आठवडे रोज २२ ग्रॅम गोठवून वाळवलेली ब्लूबेरीची पूड, बाकीच्यांना दिसायला तशीच खोटी पूड. शेवटी तीन महिन्यांची साखर पहिल्या गटात ७.१, दुसऱ्यात ७.५. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबीही कमी. उपाशीपोटीच्या साखरेत मात्र फरक नाही. बहिणीने वाचलं असेल ते बहुधा हेच. आता पूड कसली होती ते पुन्हा बघा: गोठवून वाळवलेली, साखर न घातलेली, साधारण वाटीभर ताज्या फळाएवढी. आईच्या पिशवीत ती नाही.

२०१९ चा एक अभ्यास मला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यात हवं ते सगळं मिळालं नाही. पोट सुटलेले, रक्तदाब-साखर-चरबी काठावर असलेले शंभराहून जास्त लोक, सहा महिने. रोज सुमारे १५० ग्रॅम ताज्या ब्लूबेरीएवढी पूड घेतलेल्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचिकता सुधारली. अर्धीच मात्रा घेतलेल्यांत तो फायदा दिसला नाही. इन्सुलिनच्या कामात मात्र कुठल्याच गटात सुधारणा नाही. त्याआधी २०१० मध्ये ३२ लठ्ठ लोकांवर सहा आठवडे केलेल्या प्रयोगात इन्सुलिनचं काम सुधारलेलं दिसलं होतं. म्हणजे एकाच प्रश्नाची दोन उत्तरं. रक्तवाहिन्यांबाबत पुरावा बरा, साखरेबाबत डळमळीत. माझं मत हेच आहे.

स्मरणशक्तीबद्दल विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो म्हणून सांगते. सत्तरीपुढच्या सोळा हजार परिचारिकांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये असं दिसलं की ब्लूबेरी-स्ट्रॉबेरी जास्त खाणाऱ्यांची बुद्धी मंदावण्याची गती कमी होती, जास्तीत जास्त अडीच वर्षांच्या फरकाएवढी. आशा वाटावी असं आहे, पण निष्कर्ष काढावा असं नाही.

आणि हेही माहीत असू द्या. यातल्या बऱ्याच प्रयोगांना पैसा अमेरिकेतल्या ब्लूबेरी उत्पादकांच्या परिषदेकडून आलेला आहे. म्हणून निकाल खोटे ठरत नाहीत. संशोधकांनी ते लपवलेलंही नाही, लेखाखाली छापलेलं असतं. पण जांभूळ-करवंदांच्या बागायतदारांची अशी परिषद नाही, म्हणून त्यांच्यावर असे प्रयोगही नाहीत. 'ब्लूबेरीवर जास्त संशोधन आहे' आणि 'ब्लूबेरी जास्त गुणकारी आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

जाता जाता, तुमची बहीण या फळाच्या माहेरीच राहते. ब्लूबेरी रानात हजारो वर्षं होती, तिथले मूळ रहिवासी ती वाळवून मांसात कुटून ठेवत. पण तिची बाग लागली ती न्यू जर्सीत व्हाइट्सबॉग इथे. एलिझाबेथ व्हाइट ही क्रॅनबेरी पिकवणाऱ्या घरातली मुलगी आणि फ्रेडरिक कोव्हिल हा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ. या झुडपाला आंबट, आम्लधर्मी माती लागते हे त्याने शोधलं. तिने रानात फिरणाऱ्या लोकांना सर्वांत मोठ्या फळाची झुडपं दाखवायला पैसे दिले. १९१६ मध्ये पहिलं पीक बाजारात गेलं. आपल्या काळ्या मातीत हे झुडूप का तग धरत नाही, याचं उत्तरही त्या आम्लातच आहे. आपल्याकडे ताजं फळ येतं ते बहुतेक पेरू, चिली अशा दूरच्या देशांतून, आणि किंमत त्या प्रवासाचीही असते.

आता महत्त्वाचं. वॉरफरिन.

वॉरफरिन जीवनसत्त्व के च्या विरोधात काम करतं. आहारात के अचानक वाढलं तर गोळीचा जोर कमी होतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) खाली येतो, आणि धातूच्या झडपेवर गुठळी धरायची भीती. के अचानक कमी झालं तर उलट, रक्तस्राव. १०० ग्रॅम ताज्या ब्लूबेरीत के १९ मायक्रोग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच पालकात चारशेच्या वर. म्हणजे आईंनी मेथीची भाजी आठवड्यातून एकदाऐवजी रोज सुरू केली तर मी घाबरेन, वाटीभर ब्लूबेरीला नाही. नियम एकच: जे खायचं ते साधारण तेवढंच आणि नेमाने खायचं. महिनाभर रोज दोन डबे आणि मग पिशवी संपली म्हणून एकदम बंद, असं नको. नवीन काहीही रोजचं झालं की आयएनआर तपासणाऱ्यांना सांगायचं. ब्लूबेरी, ग्रीन टी, शेवग्याच्या पानांची पूड, काहीही. आईंनी डॉक्टरांना ही मूठ सांगितली होती का, ते विचारा. बहुधा नसेल. 'औषधं काय घेता' या प्रश्नाला कुणी खाऊ सांगत नाही.

कॅप्सूल मात्र नको. ब्लूबेरी अर्क, बिलबेरी अर्क, 'डोळ्यांसाठी बेरी' अशा नावांनी डब्या येतात. त्यात अर्क किती दाट आहे, बरोबर आणखी काय मिसळलंय, याचा भरवसा नसतो, आणि वॉरफरिनवर असलेल्या माणसाने तो जुगार खेळू नये. डोळ्यांची ती कथा दुसऱ्या महायुद्धातली: ब्रिटिश वैमानिक बिलबेरीचा जॅम खाऊन रात्री चांगलं बघत. बिलबेरी ही ब्लूबेरीची युरोपातली बहीण. पुढे २००० मध्ये अमेरिकेत पंधरा तरुणांवर बिलबेरी अर्काचा नीट प्रयोग झाला, रात्रीच्या नजरेत काहीही फरक पडला नाही.

आता एक गोष्ट, जी सांगायला मला आवडत नाही. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं, जून महिना. रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेले एक काका म्हणाले, शौचाला काळं होतंय. मी विचारलं, काय खाता? म्हणाले, जांभळं, रोज, दारातच झाड आहे. मी हसून मान डोलावली, जांभळाने होतं तसं. पाच दिवसांनी ते दाखल झाले. पोटातला अल्सर वाहत होता. वाचले, पण माझी ती मान डोलावणं मी विसरलेले नाही.

ब्लूबेरी, जांभूळ भरपूर खाल्लं तर शौचाचा रंग गडद, निळसर-हिरवट, काळपट होतो हे खरंच आहे. लोहाच्या गोळ्यांनीही होतो. पण आई वॉरफरिनवर आहेत. त्यांच्या बाबतीत काळं शौच म्हणजे आधी डॉक्टर, मग बेरी. विशेषतः डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि वेगळाच उग्र वास असलेलं असेल, चक्कर येत असेल, दम लागत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

बाकीचे धोके थोडक्यात. एकदम खूप खाल्लं तर काहींना गॅस, पोट फुगणं, पातळ होणं. ॲलर्जी दुर्मीळ, पण असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र एक चांगली बातमी. ज्यांना पोटॅशियम जपायला सांगितलंय त्यांना आम्ही केळं, शहाळं बंद करतो तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. ब्लूबेरीत १०० ग्रॅमला ७७ मिलिग्रॅम पोटॅशियम, केळ्यात साडेतीनशेच्या वर. थोडक्या फळांत ही बसते. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्यांना हिचा उपयोग सांगतात तो खरं क्रॅनबेरीचा, नावांची गल्लत आहे.

मुलीबद्दल. दोन वर्षांच्या मुलाला अख्खी ब्लूबेरी देऊ नका. गोल, गुळगुळीत, टणक, बरोबर श्वासनलिकेच्या तोंडाएवढी. द्राक्षाचा जो नियम तोच. मोठी असेल तर चार फोडी, लहान असेल तर दोन बोटांत चेपून सपाट करायची. बसून खायचं, पळताना किंवा गाडीत मागच्या सीटवर नाही. चार-पाच वर्षांची होईपर्यंत हे पाळा. सुकी बेरी तर नकोच, चिवट असते आणि दाताला चिकटून बसते.

धुण्याबद्दल कुणी विचारत नाही. ब्लूबेरीची साल खायची असते, सोलता येत नाही, आणि त्यावर कीटकनाशकांचे अवशेष सापडतात. अमेरिकेतल्या एका पर्यावरण संस्थेने २०२३ मध्ये जास्त अवशेष असलेल्या फळभाज्यांच्या यादीत ब्लूबेरी घातली होती. म्हणून फळ सोडू नका, वाहत्या पाण्याखाली चाळणीत धरून हाताने हलवा. साबण, व्हिनेगर काही लागत नाही. फळावर पांढुरकी पावडर दिसते ती औषध नव्हे, ते नैसर्गिक मेण. त्यानेच फळ टिकतं. म्हणून डबा आणल्या आणल्या धुवून फ्रिजमध्ये ठेवू नका, खाण्यापूर्वी धुवा. आधी धुतलेल्या बेरींना तिसऱ्या दिवशी बुरशी.

गोठवलेल्या ब्लूबेरी स्वस्त पडतात, रंगद्रव्य बरंचसं टिकतं, आणि साखर घातलेली नसेल तर ताज्याइतक्याच चांगल्या. एवढंच की गोठवलेल्या बेरींमधून हिपॅटायटिस ए पसरल्याच्या घटना युरोप-अमेरिकेत झाल्या आहेत. गोठवल्याने तो विषाणू मरत नाही. गरोदर बाई, वयस्कर, प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांनी त्या एक उकळी काढून खाव्यात. ओट्सच्या खिरीत घातल्या की काम होतं. दुधात ब्लूबेरी खाल्ली तर गुण जातो, असंही पसरलेलं आहे. अकरा जणांवरच्या एका छोट्या प्रयोगात दुधाबरोबर शोषण कमी दिसलं होतं, त्यावरून ते निघालं. आईंनी दह्यात खाल्ल्या तरी मला चालेल. दुधात साखर घालू नये, एवढंच.

बेकरीतल्या 'ब्लूबेरी' चीजकेकबद्दल बोलायची गरज आहे का? त्यावरचं ते चकचकीत निळं बहुतेक साखर, पाणी, स्टार्च आणि रंग. ज्या देशात केकवरची लाल चेरी पुष्कळदा पाकात रंगवलेलं करवंद असतं, तिथे याचं आश्चर्य नको.

राहिलं जांभूळ. नात्याने दोघांचा काही संबंध नाही. ब्लूबेरी ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातली, जांभूळ पेरू आणि लवंगेच्या. पण रंगद्रव्यं एकाच घराण्यातली: डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्विडिन. कर्बोदकंही जवळपास सारखी. पालघरच्या बहाडोलीचं टपोरं जांभूळ, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते हंगामात मिळालं तर मी ब्लूबेरीकडे ढुंकून बघणार नाही. पण जांभूळ साखर उतरवतं असं मी म्हणणार नाही, जसं ब्लूबेरीबद्दलही म्हटलं नाही. तेही फळ आहे, त्यातही साखर आहे, आठ-दहा जांभळांवर थांबायचं. बियांच्या पुडीबाबत सावध राहा. माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि आई ग्लिमेपिराइड घेतात. त्या गोळीने मुळातच साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांना न सांगता पूड सुरू करायची नाही. जांभळाच्या आधी करवंदं, जांभळाचे चार आठवडे संपले की पेरू, आवळा, डाळिंब. वर्षभर काहीतरी रंगीत, आंबट-तुरट असतंच.

आता काय करायचं. उरलेली पिशवी फेकू नका, आईंना ते सहन होणार नाही, लेकीने आणलेली आहे. वजनकाटा नसेल तर मोठा चमचा घ्या. एक सपाट चमचा, साधारण दहा ग्रॅम, तोही रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळच्या उपम्यानंतर किंवा ताकाबरोबर. संध्याकाळी भूक लागते तेव्हा मूठभर भाजलेले फुटाणे आणि एक पेरू. बहिणीला पुढच्या वेळी आणायचंच असेल तर पाकिटावर 'अनस्वीटन्ड' आणि घटकांत फक्त एकच शब्द, असं शोधायला सांगा. गोठवून वाळवलेल्या बेरी तशा मिळतात, हलक्या असतात, बॅगेत जागाही कमी खातात.

आयएनआरची पुढची तारीख कधी आहे ते बघा. रोजची मूठभर बेरी बंद केल्यावर दोन आठवड्यांत एकदा तपासून घ्या, मोठा फरक अपेक्षित नाही, पण त्या वहीत नोंद असू द्या. तीन महिन्यांची साखर तीन महिन्यांनीच करा, आधी करून उपयोग नाही.

आणि आईंना एकदा एकट्यात विचारा, तुला हे आवडतं का. माझ्याकडे एक आजी यायच्या, दोन वर्षं अमेरिकेच्या बेरी नेमाने खात होत्या. एकदा कानाशी येऊन म्हणाल्या, "मला ते आंबट-गोड काही रुचत नाही हो, पण फोनवर ती रोज विचारते, खाल्लेस का."